प्रशांतचंद्र महालनोबीस : देशाची मोजदाद करणारा माणूस

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी घरातली बाई अख्खे पातेले उपसत नाही. चार शिते काढते, बोटांत दाबते आणि भांडे उतरवते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण वाचकहो, या साध्या म्हणीत एक अट दडलेली आहे. शीत नुसते वरचे घेऊन चालत नाही, नुसते तळाचेही घेऊन चालत नाही, आणि आपल्याला हवे तसे मऊ शीत निवडून काढले तर परीक्षा खोटी ठरते. ही अट पाळून कोट्यवधी माणसांच्या देशाची परीक्षा कशी करावी, कोण किती खातो, किती कमावतो, किती पिकवतो हे थोड्या खर्चात आणि थोड्या वेळात कसे जाणून घ्यावे, हे ज्यांनी भारताला आणि पुढे इतर गरीब देशांना दाखवून दिले, त्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांची ओळख येथे करून द्यायची आहे.

त्यांचा जन्म कलकत्त्याला २९ जून १८९३ रोजी झाला. घराणे ब्राह्मो समाजाचे. आजोबा गुरुचरण यांनी कलकत्त्यात औषधांचे दुकान काढले होते आणि त्या काळात विधवेशी विवाह करण्याचे धैर्य दाखवले होते. घरात विद्येचे आणि सुधारणेचे वारे वाहत होते. प्रशांतचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू तेथे लाभले. पुढच्या वर्षी ते विलायतेला गेले. केंब्रिजला सहज म्हणून एका मित्राकडे गेले असता तेथील किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहण्यात इतके रमले की परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. श्रीनिवास रामानुजन तेव्हा केंब्रिजलाच होते. दोघांची चांगली ओळख झाली.

१९१५ साली पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते थोड्या दिवसांसाठी मायदेशी यायला निघाले. पहिले महायुद्ध चालू असल्याने बोट सुटायला उशीर होता. तो वेळ त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात घालवला आणि तेथे एका अध्यापकाने त्यांना बायोमेट्रिका या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे खंड दाखवले. या तरुणाने सगळेच्या सगळे खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचायला सुरुवात केली. भारतात आल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम मिळाले आणि विलायतेला परत जाणे राहिले ते राहिलेच.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. हिंदुस्थानातल्या एकाही विद्यापीठात तेव्हा संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग नव्हता. या विषयाची पदवी नव्हती आणि नोकरीही नव्हती. कलकत्ता विद्यापीठाने हा विषय पदव्युत्तर वर्गात सुरू केला तो १९४१ साली. आपल्या मुलाने अशा नाव नसलेल्या विद्येचा नाद घेतला तर आपल्यापैकी किती जण स्वस्थ बसतील?

नोकरीचा विषय सांभाळून प्रशांतचंद्रांनी हा नाद पुरवला. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲनन्डेल त्यांना भेटले. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची घेतलेली मोजमापे ॲनन्डेल यांच्याकडे पडून होती. ती त्यांनी या तरुण प्राध्यापकाच्या हवाली केली. त्यातून १९२२ साली महालनोबीसांचा या विषयावरील पहिला लेख निघाला. दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे अनेक मोजमापे एकत्र विचारात घेऊन कसे ठरवायचे, या प्रश्नाने त्यांना पुढे अनेक वर्षे धरून ठेवले. उंच माणसाचे वजनही बहुधा जास्त असते. म्हणून उंची आणि वजन या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजून त्यांची नुसती बेरीज केली तर एकच फरक दोनदा मोजला जातो. हा परस्परसंबंध लक्षात घेऊन अंतर काढण्याची रीत त्यांनी बसवली आणि १९३६ साली तिला पक्के रूप दिले. महालनोबीस अंतर या नावाने ती जगभर शिकवली जाते. ढीगभर नोंदींतून जगावेगळी नोंद हेरण्यासाठी आज संगणक जी गणिते करतात, त्यांत ही रीत नेहमी येते.

तरीही केवळ या सूत्रावर त्यांचे मोठेपण मोजले तर तो अन्याय होईल. सूत्र घेऊन ते चिखलात उतरले, हे अधिक महत्त्वाचे. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचा तळ गाळाने वर आला आहे, तेव्हा बांध उंच करा, असे इंजिनियर मंडळींचे मत पडले. महालनोबीसांनी सुमारे साठ वर्षांचे पावसाचे व पुराचे आकडे तपासले आणि तळ वर आलेला नाही असे दाखवले. बांध उंचावण्यापेक्षा वरच्या भागात धरणे बांधावीत, ही त्यांची सूचना होती. त्याच प्रदेशात महानदीवरचे हिराकूड धरण पुढे १९५७ साली पुरे झाले.

१७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना झाली. जागा म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजातली त्यांचीच खोली, आणि पहिल्या वर्षाचा एकूण खर्च अडीचशे रुपयांच्या आत. कामाला अर्धवेळचा एक कॉम्प्युटर होता. विद्यार्थी मित्रांनो, हसू नका. कॉम्प्युटर हे त्या काळी यंत्राचे नाव नव्हते, हाताने आकडेमोड करणाऱ्या कारकुनाला तसे म्हणत. या खोलीत हळूहळू राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ राय यांच्यासारखी हुशार माणसे जमली. १९४१ च्या सुरुवातीला सी. आर. राव नावाचा गणिताचा तरुण पदवीधर नोकरीच्या शोधात कलकत्त्याला आला होता. तो संस्थेत शिरला आणि पुढे जगातल्या श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञांत गणला गेला.

आता तागाची हकीकत सांगतो. महालनोबीसांचे खरे काम या एका प्रकरणातून उलगडते.

आपल्याकडे रयतवारी पद्धत. तलाठी गावात असतो, सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, पूर्वी आणेवारी काढत. चूक असो, बरोबर असो, काहीतरी नोंद हाती असते. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधारा. जमीनदाराने ठरलेला सारा भरला की सरकारचे काम संपले. मग शेतात काय पिकते हे दरवर्षी लिहून ठेवणार कोण? ताग हे तर बंगालचे नगदी पीक. साऱ्या जगाला पोती त्याचीच. पीक किती येणार हे आधी न कळल्याने भावाचा खेळ चालायचा आणि त्यात शेतकरी बुडायचा.

महालनोबीसांनी १९३७ पासून लहान प्रमाणावर प्रयोग सुरू केले. नकाशावर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्या मर्जीविना, काही तुकडे निवडायचे. पाहणीदाराने तेवढ्याच तुकड्यांवर जायचे आणि काय पेरले आहे ते लिहायचे. तुकडा केवढा असावा, किती असावेत, प्रत्येकाला किती पैसे व किती तास लागतात, याचाही हिशेब त्यांनी मांडला. त्यांची सगळ्यांत हुशारीची युक्ती निराळीच होती. एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या, दोन वेगळे नमुने घेऊन, एकमेकांना न कळवता काम करीत. दोघांचे आकडे जवळपास आले तर ठीक, फार फरक पडला तर कोठेतरी पाणी मुरते आहे हे लगेच कळे. माणूस आळस करतो, झाडाखाली बसून कागद भरतो, हे त्यांनी गृहीत धरले होते. माझ्या मते हे गृहीत धरण्यातच त्यांचा व्यवहारी शहाणपणा होता.

१९४१ साली कसोटीची वेळ आली. त्या वर्षी सरकारने हजारो माणसे लावून बंगालमधील तागाची शेत न् शेत मोजणी केली, आणि शेजारी ही नमुना पाहणीही झाली. शेत न् शेत मोजणीचा अंदाज निघाला सुमारे ६३ लाख गासड्यांचा. नमुना पाहणीचा निघाला सुमारे ७५ लाखांचा. नंतर जकात आणि व्यापाराच्या नोंदींवरून प्रत्यक्ष आकडा जुळवला, तोही ७५ लाखांच्या आसपास भरला. म्हणजे सगळे मोजणारे चुकले आणि थोडे मोजणारे बरोबर निघाले. याचे कारण अवघड नाही. हजारो तात्पुरत्या माणसांवर देखरेख ठेवता येत नाही. शिकवून तयार केलेल्या थोड्या माणसांवर ठेवता येते.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही, आणि येथे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेही तेवढेच तयारीचे संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा उतारा काढण्यासाठी महालनोबीस अगदी लहान वर्तुळातले पीक कापून तोलत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. काम वेगळ्या पगारी पथकाकडून न करता महसूल खात्याच्या माणसांकडून करवावे, असेही त्यांचे म्हणणे होते. वाद बराच रंगला. सरकारी पीककापणी प्रयोगांत पुढे सुखात्मे यांची मोठ्या तुकड्यांची पद्धत रूढ झाली. सुखात्मे १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. दोघा भारतीयांचा हा वाद साऱ्या जगातल्या पीकमोजणीला उपयोगी पडला.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यानंतर गावोगाव जाऊन कोणाची जमीन गेली, कोण भिकेला लागला, याची नमुना पाहणी महालनोबीसांच्या संस्थेने केली. जमीन विकून जगलेली कुटुंबे, मोडलेले धंदे यांची नोंद पहिल्यांदाच अशी शास्त्रशुद्ध रीतीने झाली.

१९४५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. महायुद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघाचा संख्याशास्त्रविषयक आयोग स्थापन झाला. नमुना पाहणीसाठी नेमलेल्या त्याच्या उपआयोगाचे अध्यक्षपद १९४७ ते १९५१ या काळात महालनोबीसांकडे होते. नवे स्वतंत्र होणारे देश तेव्हा पैशाने दुबळे, नोंदी नाहीत, शिकलेली माणसे नाहीत, अशा अवस्थेत होते. त्यांना पूर्ण गणना परवडत नव्हती, आणि आकड्यांवाचून योजना आखता येत नव्हती. त्यांना ही पद्धत म्हणजे आधार वाटली. १९५० साली कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र शिक्षण केंद्र उघडले आणि आशिया-आफ्रिकेतील सरकारी अधिकारी तेथे शिकायला येऊ लागले. १९५६ साली चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय संस्था पाहून गेले आणि पुढच्या वर्षी महालनोबीसांना चीनला बोलावणे आले.

स्वतंत्र भारतात पंडित नेहरूंनी त्यांना १९४९ साली मंत्रिमंडळाचे मानद संख्याशास्त्र सल्लागार नेमले. देशाचे उत्पन्न किती हे ठरवण्यासाठी त्याच वर्षी समिती बसली. अध्यक्ष महालनोबीस, सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. काम सुरू होताच कळले की निम्म्या गोष्टींचे आकडेच नाहीत. यातून १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मली. देशातल्या साडेपाच लाखांवर खेड्यांतून पहिल्या फेरीसाठी १,८३३ खेडी निवडली. पाहणीदार पायी, बैलगाडीने, होडीने गेले. कोठे शेर, कोठे पायली, कोठे मण. दर मुलखाची मापे वेगळी, भाषा वेगळी. घरात महिनाभरात धान्य किती शिजले, तेलाला किती गेले, शाळेच्या फीला किती, असे प्रश्न विचारत ते घरोघर बसले.

एवढे कागद जमल्यावर त्यांची बेरीज करायची कोणी? आरंभी छिद्रे पाडलेल्या कार्डांची यंत्रे होती. शिवाय महालनोबीसांच्या डोक्यात आणखी मोठे गणित होते. पोलादाला कोळसा लागतो, कोळशाला रेल्वे लागते, रेल्वेला पुन्हा पोलाद लागते. असे सारे उद्योग एकमेकांत गुंतलेले असताना एकाचे उत्पादन वाढवायचे ठरवले तर बाकीच्यांचे किती वाढवावे लागेल? हे सोडवायला इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र हवे, असे त्यांनी फार लवकर ओळखले. अमेरिकेकडून यंत्र मिळवण्याची खटपट त्यांनी बरीच वर्षे केली. पण शीतयुद्धाचे दिवस, आणि संस्थेचे रशियाशीही संबंध, त्यामुळे ते काम अडून राहिले. अखेर एचईसी-२एम नावाचे यंत्र इंग्लंडहून सुमारे दोन लाख रुपयांना घेतले आणि ते १९५६ साली कलकत्त्यात चालू झाले. भारतातला हा पहिला अंकीय संगणक. त्याची स्मरणशक्ती एका फिरत्या ढोलावर साठवलेल्या १,०२४ शब्दांएवढी. आज तुमच्या खिशातल्या फोनपुढे ती काहीच नाही. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने रशियाचे उरल हे यंत्र आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. जादवपूर विद्यापीठाबरोबर महालनोबीसांच्या संस्थेनेही १९६६ पर्यंत आपला संगणक बांधला. युद्धासाठी वा व्यापारासाठी नव्हे, तर गरीब देशाच्या विकासाचा हिशेब करण्यासाठी संगणक मागणारा हा त्या काळातला विरळा माणूस.

त्यांचे नाव घरोघर पोचले ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमुळे. १९५५ च्या मार्चमध्ये त्यांनी तिचा आराखडा दिला. म्हणजे यंत्र चालू होण्याच्या आधीच, हे ध्यानात ठेवा. विचार असा : कापड हवे तर माग हवा, माग हवा तर माग बनवणारा कारखाना हवा, त्या कारखान्याला पोलाद हवे. तेव्हा भांडवलाचा मोठा वाटा आधी पोलाद आणि यंत्रे यांत घाला. आज थोडी ओढ सोसा, पुढे सारेच वेगाने वाढेल. भिलाई, रुरकेला, दुर्गापूर ही नावे या विचारातून पुढे आली. आणि तोवर रोजच्या वापराच्या वस्तू? त्या घरगुती व हातउद्योगांनी पुरवाव्यात, म्हणजे हाताला कामही मिळेल. याच सुमारास पुण्याच्या द. गो. कर्वे यांच्या समितीनेही ग्रामोद्योगांना जपण्याची शिफारस केली. कापड गिरण्यांच्या मागांवर मर्यादा आली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत पुढे यंत्रमाग फोफावले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल ज्या मागावर चालली, त्याचा एक धागा असा कलकत्त्यातल्या त्या आराखड्यापर्यंत जातो.

या विचाराला विरोधही झाला, आणि तो मुंबईतून झाला. मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील आणि प्रा. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली ग्रंथ लिहून बजावले की मजुराच्या पोटाला आधी धान्य व कपडा पुरवा. त्याशिवाय पोलाद उभे राहणार नाही. महालनोबीसांचे गणित डौलदार होते, परंतु त्यात शेतीला पुरेसे स्थान नव्हते आणि परदेशांशी व्यापाराला तर जवळजवळ नव्हतेच. १९५७-५८ साली परकीय चलनाची टंचाई आली. धान्य अमेरिकेहून आणावे लागले. साठीच्या दशकात रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना वेगळे सांगायला नको. पोलादाचा पाया त्या योजनेने घातला हे खरे, आणि ताटातल्या भाकरीचा अंदाज तिला आला नाही हेही तेवढेच खरे.

पण त्यांच्याविषयी आदर वाटतो तो पुढच्या वागण्यामुळे. वाढलेले उत्पन्न गेले कोठे, हा प्रश्न संसदेत निघाला, तेव्हा १९६० साली चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि अध्यक्ष पुन्हा महालनोबीसच. १९६४ साली त्या समितीने सांगितले की आर्थिक सत्ता थोड्या मोठ्या उद्योगसमूहांच्या हाती एकवटत आहे. ज्या नियोजनाचे ते स्वतः एक शिल्पकार, त्याच्याच उणिवा आकड्यांनी पुढे ठेवण्याची ही वेळ होती, आणि आकडे त्यांनी झाकले नाहीत.

त्यांनी उभारलेली पाहणी तर त्यांच्या आराखड्याहून दीर्घायुषी ठरली. तिचे अहवाल उशिरा निघत, ही तक्रार खरीच होती. परंतु पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली तिच्याच आकड्यांवरून दाखवून दिले की खेड्यांतील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोकांना १९६०-६१ साली पुरेसे अन्नही मिळत नव्हते. दारिद्र्यरेषेवरचा आपल्याकडचा पुढला सारा वाद त्या पुस्तकापासून चालत आला. २००६ साली न्या. सच्चर समितीने मुस्लिम समाजाच्या रोजगाराचे आणि राहणीमानाचे जे चित्र देशापुढे मांडले, त्यातही जनगणनेच्या जोडीला याच नमुना पाहणीचे आकडे होते. आपल्या सभांतून जे तक्ते आपण वाचून दाखवतो, ते कोणा पाहणीदाराने कोणा अनोळखी घराच्या ओट्यावर बसून भरलेल्या कागदातून आले आहेत.

मानसन्मान अनेक मिळाले. १९६८ साली पद्मविभूषण. रवींद्रनाथ ठाकुरांचा त्यांना निकटचा सहवास लाभला आणि विश्वभारतीचे कार्यवाह म्हणून त्यांनी दहा वर्षे काम केले. पत्नी निर्मलकुमारी, म्हणजे राणी, यांच्याशी विवाह १९२३ साली सासऱ्यांच्या नाराजीत झाला. पण संस्थेच्या संसारात त्यांनी आयुष्यभर साथ दिली. स्वभावाने महालनोबीस हट्टी होते, आणि त्यांच्या एकहाती कारभारावर सहकारी रुष्टही होत. १९५९ साली संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. जी विद्या त्यांनी पदवीवाचून शिकून घेतली, तिची पदवी आता त्यांच्याच अंगणात मिळू लागली.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची सत्ताविसावी फेरी सुरू झाली आणि कुटुंबांचा खर्च व बेकारी यांचे प्रश्न घेऊन पाहणीदार पुन्हा खेड्यांच्या वाटेला लागले.